संपादनानंतरचा मालक : पुणे महानगरपालिकेच्या ‘वन-उद्यान’ खटल्याच्या निमित्ताने

प्रस्तावना

‘जमीन संपादनात गेली’ हा शब्दप्रयोग पुणे शहरात आणि त्याच्या भोवतालच्या गावांत सर्रास ऐकू येतो. त्यातील ‘गेली’ या क्रियापदात एक प्रकारची समाप्ती गृहीत धरलेली असते. शासनाने जमीन घेतली, मालकाचा संबंध संपला, आता जी काही रक्कम मिळेल ती घ्यावयाची, असा सर्वसाधारण समज त्यातून व्यक्त होतो. सुशिक्षित वर्गही या समजाला अपवाद नाही. वडिलोपार्जित जमिनीवर आरक्षण पडले किंवा ती रस्त्याखाली गेली, की कागदपत्रांची पिशवी वकिलाच्या स्वाधीन करून कुटुंबे निर्धास्त होतात, किंवा हताश होतात. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. भूमिसंपादनाच्या प्रक्रियेत मालकाचे काही हक्क निवाड्याच्या दिवशी संपतात, तर काही हक्क नेमके त्याच दिवशी सुरू होतात.

या दुसऱ्या प्रकारच्या हक्कांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी पुणे शहरातीलच एका खटल्याचा आधार घेतला आहे. महानगरपालिकेला उद्यानासाठी हव्या असलेल्या ४३.९४ एकर जमिनीच्या या खटल्यातून ‘मोबदला दिला’ म्हणजे काय, हा वरवर सोपा प्रश्न निर्माण झाला. त्याच्या उत्तरासाठी सर्वोच्च न्यायालयाला सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या पीठांचे निर्णय द्यावे लागले, आणि त्यांतील शेवटच्या निर्णयाने देशभरातील जमीनमालकांची स्थिती पालटली.

मालमत्तेच्या हक्काची घटनात्मक बैठक

१८९४ चा भूमिसंपादन अधिनियम हा वसाहतकालीन कायदा होता आणि त्याची सर्व रचना शासनाच्या सोयीची होती. पुणे जिल्ह्याला त्याचा कटू अनुभव फार लवकर आला. मुळशी खोऱ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याविरुद्ध १९२१ साली जो सत्याग्रह झाला आणि ज्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही ओळख दिली, तो याच कायद्याच्या पार्श्वभूमीवर झाला होता. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा २०१३ अखेरपर्यंत टिकून राहिला. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात काही सुधारणा झाल्या. दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली, बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के जादा रक्कम देय ठरली आणि कलम ६ खालील घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा न झाल्यास संपादन व्यपगत होईल असे कलम ११-अ दाखल झाले.

राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क प्रारंभी मूलभूत हक्कांत समाविष्ट होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो तेथून वगळला गेला आणि अनुच्छेद ३००-अ अन्वये ‘कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणत्याही व्यक्तीस मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही’ एवढ्या मर्यादित शब्दांत उरला. हा केवळ एक ओळीचा अनुच्छेद आहे. तथापि न्यायालयांनी त्यात हळूहळू बराच आशय भरला. कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाच्या पोटी सात उपहक्क असल्याचे सांगितले. नोटीस मिळण्याचा, म्हणणे मांडण्याचा आणि सकारण निर्णय मिळण्याचा हक्क. सार्वजनिक प्रयोजनासाठीच संपादन होण्याचा हक्क. वाजवी भरपाईचा हक्क. प्रक्रिया कार्यक्षमतेने व त्वरेने पार पडण्याचा हक्क. आणि अखेरीस प्रक्रिया पूर्णत्वास जाण्याचा हक्क. यांतील शेवटचे तीन हक्क प्रामुख्याने संपादनाच्या उत्तरार्धाशी संबंधित आहेत. म्हणजेच निम्मे रामायण निवाड्याच्या आसपास आणि त्यानंतर घडते.

निवाडा : किंमत नव्हे, देकार

सामान्यतः निवाडा हा न्यायालयाच्या निकालासारखा अंतिम मानला जातो. वास्तविक भूमिसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा हा शासनाच्या वतीने मालकापुढे ठेवलेला देकार असतो, ही गोष्ट न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केली आहे. शासनापुरता तो बंधनकारक असतो, परंतु मालकावर ती रक्कम अंतिम म्हणून लादता येत नाही. क्षेत्रफळ, बाजारमूल्य, मोबदल्याची वाटणी आणि मोबदल्याला पात्र व्यक्ती या चारही बाबतींत तो हरकत घेऊ शकतो व प्रकरण न्यायिक निर्णयासाठी पाठविण्याची मागणी करू शकतो. १८९४ च्या कायद्यात हा अधिकार कलम १८ मध्ये होता. २०१३ च्या कायद्यात तो कलम ६४ मध्ये आहे. या नव्या कायद्याचे नाव लांबलचक असले तरी ‘वाजवी भरपाई मिळण्याचा व पारदर्शकतेचा हक्क’ हे शब्द त्यात जाणीवपूर्वक घातलेले आहेत, हे लक्षात घ्यावे.

या अधिकाराला मुदतीचे कुंपण आहे. निवाड्याच्या वेळी मालक किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असेल तर निवाड्यापासून सहा आठवडे. हजर नसेल तर निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. जुन्या कायद्याखाली ही मुदत वाढविता येत नसे, कारण जिल्हाधिकारी हे न्यायालय नसल्याने मुदत कायद्यातील विलंबमाफीची तरतूद त्यांना लागू होत नाही. नव्या कायद्याने पुरेसे कारण असल्यास आणखी एक वर्षापर्यंत अर्ज स्वीकारण्याची मुभा दिली आहे.

दुसरी अट याहून अधिक घातक आहे, कारण ती एका सहीत दडलेली असते. ज्याने रक्कम ‘तक्रारीसह’ न स्वीकारता मुकाट्याने स्वीकारली, त्याला वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. पावतीवर ‘तक्रार राखून स्वीकारले’ एवढे तीन शब्द लिहिले की रक्कमही मिळते आणि हक्कही राहतो. याउलट, रक्कम कमी आहे म्हणून ती नाकारणे हा मालकांचा जो नेहमीचा मार्ग, तो कायद्याने त्यांच्या बाजूने कधीच भक्कम नव्हता. पुण्याच्या खटल्याचा सारा गुंता या नाकारण्यातूनच उद्भवला.

मालकाने रक्कम न स्वीकारल्यास अधिकाऱ्याने काय करावे? १८९४ च्या कायद्याचे कलम ३१ याबाबत निःसंदिग्ध होते. मोबदला देऊ करावा, आणि संबंधित व्यक्तीने तो स्वीकारण्यास संमती दिली नाही, जमीन हस्तांतरित करण्यास सक्षम कोणी नसले अथवा मालकी वा वाटणीबद्दल वाद असला, तर रक्कम न्यायालयात जमा करावी. येथे ‘न्यायालयात’ हा शब्द महत्त्वाचा होय. न्यायालयात जमा झालेली रक्कम गुंतविली जाऊ शकते, तिच्यावर व्याज मिळू शकते आणि मालकाला ती मागता येते. शासनाच्या कोषागारात वा महसुली ठेवीत ठेवलेली रक्कम मात्र शासनाकडेच राहते. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलेल्या पैशाला ‘दिलेला’ म्हणता येईल काय, हाच वादाचा मुद्दा ठरला.

वाटणीबद्दलच्या वादाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच नमूद करणे उचित ठरेल. सातबारा उताऱ्यावर किंवा नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकावर मयत व्यक्तीचेच नाव वर्षानुवर्षे राहते, वारसनोंदी होत नाहीत, भावाबहिणींच्या हिश्श्यांची नोंद अपुरी असते. अशा वेळी मोबदला थेट हातात न येता वादाची रक्कम म्हणून जमा होतो आणि मूळ प्रश्न शासनाशी असूनही कुटुंबातच दावा सुरू होतो. संपादनाच्या दिरंगाईचा दोष सर्वस्वी शासनाचा असतो असे नाही.

४३.९४ एकर

पुण्याच्या खटल्याचा कालपट असा आहे. स्थायी समितीने मान्यता दिलेला ‘वन-उद्याना’चा प्रस्ताव महापालिका आयुक्तांनी ६ ऑगस्ट २००२ रोजी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविला. २० फेब्रुवारी २००३ रोजी तो विशेष भूमिसंपादन अधिकाऱ्यांकडे आला. कलम ४ ची अधिसूचना ३० सप्टेंबर २००४ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाली. कलम ६ ची घोषणा २६ डिसेंबर २००५ रोजी झाली आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी ती जागेवर व तलाठी कार्यालयाच्या फलकावर लावली गेली. निवाडा ३१ जानेवारी २००८ रोजी जाहीर झाला. मालकांना रक्कम घेऊन जाण्याच्या नोटिसा गेल्या. त्यांनी ती घेतली नाही. मग २७ कोटी रुपये शासकीय कोषागारात जमा करण्यात आले.

दरम्यान मालक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. एकूण नऊ याचिका दाखल झाल्या, त्यांपैकी दोन निवाड्यापूर्वी आणि सात निवाड्यानंतर. उच्च न्यायालयाने संपादन रद्द ठरविले. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव नसणे, कलम ५-अ खालील हरकतींच्या सुनावणीतील उणिवा आणि कलम ७ चे पालन न होणे, अशी त्यामागील कारणे होती. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. अपील प्रलंबित असतानाच १ जानेवारी २०१४ रोजी नवा कायदा अमलात आला आणि खटल्याचे केंद्रच बदलले.

नव्या कायद्याच्या कलम २४(२) चा आशय असा : हा कायदा लागू होण्यापूर्वी पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आधी जुन्या कायद्याखाली निवाडा झालेला असेल, परंतु जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतलेला नसेल किंवा मोबदला दिलेला नसेल, तर ती संपादन कार्यवाही व्यपगत झाल्याचे मानले जाईल. शासनाला जमीन हवीच असल्यास त्याने नव्या कायद्यानुसार प्रक्रिया पुन्हा सुरू करावी. पुण्याचा निवाडा ३१ जानेवारी २००८ चा, म्हणजे नवा कायदा येण्याच्या पाच वर्षे अकरा महिने आधीचा. कालमर्यादेची अट सहज पूर्ण होत होती. प्रश्न उरला तो कोषागारातील २७ कोटी रुपये ‘दिलेले’ आहेत की नाहीत, एवढाच.

येथे आर्थिक परिणाम समजून घेणे आवश्यक आहे, अन्यथा हा वाद शब्दच्छल वाटेल. जुन्या कायद्यानुसार बाजारमूल्य कलम ४ च्या अधिसूचनेच्या तारखेला ठरत असे. येथे ती तारीख सप्टेंबर २००४ ची होती. वर दिलेल्या दोन आकड्यांचा ढोबळ भागाकार केला तर एकरी सुमारे ६१ लाख, गुंठ्याला सुमारे दीड लाख आणि चौरस फुटाला सुमारे १४१ रुपये अशी सरासरी येते. २०१४ मध्ये पुणे शहरात जमिनीचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही हा दर ऐकून हसू आले असते. संपादन व्यपगत होऊन नव्याने झाले, तर मूल्य नव्या तारखेचे धरावे लागते. ते रेडीरेकनरचा दर आणि परिसरातील खरेदीखतांची सरासरी यांपैकी जे अधिक असेल त्यावर आधारित असते आणि त्यावर दिलासा रक्कम ३० ऐवजी १०० टक्के मिळते. ग्रामीण भागासाठी असलेला एक ते दोन हा गुणांक शहराला लागू होत नसला तरी फरक प्रचंड पडतो. दहा वर्षांच्या भाववाढीचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, हा या खटल्याचा खरा प्रश्न होता.

२४ जानेवारी २०१४ रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा, मदन लोकूर आणि कुरियन जोसेफ यांच्या पीठाने मालकांच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याने एखादी गोष्ट विशिष्ट रीतीने करण्यास सांगितले असेल तर ती त्याच रीतीने केली पाहिजे, अन्य रीतीने केलेली गोष्ट केल्यासारखी नसते, हे प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासूनचे तत्त्व येथे लावण्यात आले. ‘दिलेला’ याचा अर्थ प्रत्यक्ष हातात पडलेला असा संकुचित करता येणार नाही, परंतु निदान देऊ केलेला आणि नाकारल्यास न्यायालयात जमा केलेला तरी असला पाहिजे, असे पीठाने म्हटले. शासनाच्या महसुली खात्यात रक्कम ठेवल्याने दायित्व संपत नाही, असे गोव्यातील एका प्रकरणात २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. त्याचाही आधार घेण्यात आला. पुण्याचे संपादन व्यपगत ठरले.

एका निर्णयाची सहा वर्षे

देशभर निवाड्यांची रक्कम कोषागारात ठेवण्याची प्रथा इतकी रुळलेली होती की या निर्णयाने असंख्य जुन्या संपादनांचा पाया हलला. दिल्ली, हरियाणा, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, सर्वत्र मालकांनी व्यपगतीचे दावे दाखल केले. त्यांत खरोखर नाडलेले शेतकरी होते. स्वस्तात वादग्रस्त जमीन विकत घेऊन निकालाची वाट पाहणारेही होते. हे दुसरे सत्य मालकांच्या बाजूने लिहिणारे अभ्यासक अनेकदा विसरतात. केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०१४ च्या वटहुकमाद्वारे यावर उपाय योजला. न्यायालयीन स्थगितीचा काळ तसेच ताबा घेतला असून मोबदला न्यायालयात किंवा त्यासाठी ठेवलेल्या कोणत्याही खात्यात पडून आहे असा काळ पाच वर्षांतून वजा करावा, असे त्याने सांगितले. तो वटहुकूम दोनदा पुन्हा काढला गेला, पण त्याचे अधिनियमात रूपांतर झाले नाही आणि ऑगस्ट २०१५ अखेर तो विरून गेला. जे संसदेकडून मिळाले नाही ते पुढे न्यायालयाकडून मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

८ फेब्रुवारी २०१८ रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तितक्याच संख्येच्या, म्हणजे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने पुण्याचा निर्णय आवश्यक तरतुदी लक्षात न घेता दिलेला असल्याचे जाहीर केले. समान संख्येच्या पीठाला हा अधिकार आहे काय, असा प्रश्न लगेच उपस्थित झाला. अवघ्या तेरा दिवसांत, २१ फेब्रुवारी रोजी, तिसऱ्या एका त्रिसदस्य पीठाने उच्च न्यायालयांना अशी प्रकरणे तूर्त थांबविण्याची सूचना केली. त्या पीठात लोकूर आणि जोसेफ हे पुण्याच्या निर्णयातील दोन न्यायमूर्ती होते. अखेर प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. २०१८ च्या निर्णयाचे लेखक न्यायमूर्ती अरुण मिश्र यांनीच घटनापीठाचे नेतृत्व करावे काय, यावरही युक्तिवाद झाला आणि त्यांनी २३ ऑक्टोबर २०१९ रोजी बाजूला होण्यास नकार दिला.

६ मार्च २०२० रोजी घटनापीठाने पुणे महानगरपालिकेच्या खटल्यातील तत्त्व आणि त्याला अनुसरून दिलेले निर्णय रद्दबातल ठरविले. त्यातील मुख्य मुद्दे मालकाच्या दृष्टीने पाहिले पाहिजेत. पहिला मुद्दा एका अव्ययाचा आहे. कलम २४(२) मधील ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ या अर्थाने वाचावा. म्हणजे ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, असे दोन्ही घडले तरच संपादन व्यपगत होईल. ताबा घेतला असेल तर मोबदला थकला तरी जमीन परत मिळणार नाही, आणि मोबदला दिला असेल तर ताबा राहिला म्हणूनही नाही. दुसरा मुद्दा असा की मोबदला देऊ केला की देण्याचे दायित्व पूर्ण होते. न्यायालयात रक्कम जमा न केल्यास संपादन व्यपगत होत नाही, फार तर व्याज द्यावे लागते. ज्याने रक्कम स्वतः नाकारली त्याला व्यपगतीचा दावा करता येणार नाही. तिसरा मुद्दा ताब्याचा आहे. मोकळ्या जमिनीचा ताबा पंचनामा करून घेता येतो. त्यानंतर मालक तेथे वहिवाट करीत राहिला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अतिक्रमण करणारा ठरतो. खेरीज स्थगनादेशांचा काळ पाच वर्षांत धरला जाणार नाही.

याचा अर्थ पुण्याच्या मालकांना मिळालेला निकाल उलटला असा नाही. एखाद्या निर्णयातील तत्त्व पुढे रद्द झाले तरी त्या खटल्यातील पक्षकारांमधील निकाल आपोआप उलटत नाही. दिल्लीतील शासकीय यंत्रणांनी अशा संपलेल्या प्रकरणांत विलंबाने पुन्हा अपिले दाखल केली, तेव्हा मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नंतर बदललेला कायदा हे विलंबमाफीचे कारण नाही असे म्हटले. मात्र व्यापक सार्वजनिक हिताच्या कारणाने त्यांना काही अंशी दिलासाही दिला.

२०१४ चा निर्णय भाषेला धरून होता. २०२० च्या निर्णयाला वास्तवाचे भान होते, कारण पूर्ण झालेले रस्ते, वसाहती आणि जलवाहिन्या व्यपगतीच्या टांगत्या तलवारीखाली ठेवणे कोणत्याही नगररचनेला परवडणारे नव्हते. परंतु ‘किंवा’चा ‘आणि’ करताना मालकाच्या हातातील एकमेव धारदार साधन बोथट झाले. मालक सहा आठवडे चुकला तर त्याचा हक्क जातो. शासन मोबदल्यात दहा वर्षे चुकले तर त्याला व्याज द्यावे लागते. ही विषमता निर्णयाच्या विस्तृत विवेचनात कोठेही भरून निघत नाही.

व्याजाचे गणित तरी पाहू. ताबा घेऊनही मोबदला न दिल्यास पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर दरसाल १५ टक्के व्याज जुन्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये होते आणि नव्या कायद्याच्या कलम ८० मध्येही आहे. एक कोटी रुपये दहा वर्षे थकले तर सरळव्याजाने पहिल्या वर्षाचे ९ लाख आणि पुढील नऊ वर्षांचे १ कोटी ३५ लाख, मिळून १ कोटी ४४ लाख होतात. हा दर बँकेच्या ठेवीपेक्षा चांगला आहे, यात शंका नाही. मात्र हे व्याज ताब्याच्या तारखेपासून चालते. निवाडा झाला, सातबाऱ्यावर संपादनाची नोंद पडली, जमीन विकताही येत नाही आणि बांधताही येत नाही, पण ताबा मात्र घेतलेला नाही, अशा त्रिशंकू अवस्थेतील मालकाला या कलमाचा फारसा उपयोग होत नाही. शहरांत ही अवस्था दुर्मीळ नाही.

उरलेले हक्क

रक्कम वाढवून मागण्याची मुदत चुकलेल्या मालकालाही एक दार उघडे असते. एकाच अधिसूचनेखाली जमीन गेलेल्या शेजाऱ्याने न्यायालयातून वाढीव मोबदला मिळविला, तर ज्यांनी अर्ज केला नव्हता तेही त्या निर्णयाच्या आधारे तीन महिन्यांत फेरनिर्धारण मागू शकतात. जुने कलम २८-अ, नवे कलम ७३. गरीब व अल्पभूधारक मालकांसाठी घातलेली ही तरतूद, परंतु शेजाऱ्याच्या निकालाची बातमी वेळेत कळली तरच तिचा लाभ होतो.

२०१३ च्या कायद्याखाली झालेल्या संपादनांत आणखी काही हक्क जोडले गेले आहेत. कलम १९ च्या घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा झाला पाहिजे. कलम ३८ नुसार मोबदला दिल्यानंतरच ताबा घेता येतो. जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षे विनावापर पडून राहिली, तर कलम १०१ अन्वये ती मूळ मालकाला वा वारसांना परत करावी किंवा शासनाच्या भूमिपेढीत जमा करावी. या ‘किंवा’ची निवड शासनाकडे आहे, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. विकास न करता जमीन मोबदला घेऊन दुसऱ्याच्या नावे केली तर वाढीव मूल्याचा ४० टक्के हिस्सा मूळ मालकांत वाटला जावा, असे कलम १०२ सांगते. जुन्या कायद्याखाली गेलेल्या जमिनींना अशी परतीची तरतूद नव्हती. एकदा जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित झाली की मूळ प्रयोजन बदलले तरी ती मालकाकडे येत नाही, असेच न्यायालये सातत्याने मानीत आली.

आरक्षण म्हणजे संपादन नव्हे

पुणे शहरापुरते बोलावयाचे तर बहुसंख्य मालकांचा संबंध प्रथम येतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ शी. विकास आराखड्यात जमिनीवर शाळा, उद्यान वा रस्त्याचे आरक्षण पडते, पण मालकी मालकाचीच राहते. कलम १२६ नुसार ती जमीन तीन मार्गांनी घेता येते : संमतीने, चटईक्षेत्र वा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन, किंवा रीतसर संपादनाने. महापालिकांना दुसरा मार्ग सोयीचा वाटतो, कारण त्यात तिजोरीतून रोख रक्कम जात नाही. विकास हक्क प्रमाणपत्र घेणाऱ्या मालकाने मात्र हे ओळखले पाहिजे की त्याच्या हातात रुपये नसून बाजारभावानुसार वर-खाली होणारा एक कागद आहे.

दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. ही सूचना मिळाल्यावर पूर्वी सहा महिन्यांत पावले उचलणे बंधनकारक होते. २००९ मध्ये ही मुदत बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. त्या मुदतीत काहीच न घडल्यास आरक्षण संपुष्टात येते. दर दुरुस्तीत मुदत शासनाच्या बाजूनेच लांबत गेली, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. येथेही मालकाच्या गाफीलपणाची किंमत मोठी असते. पुण्याचा आराखडा १९६६ मध्ये आला आणि १९८७ मध्ये सुधारला गेला. सुधारित आराखडा येण्यापूर्वी सूचना दिली नसेल तर जुन्या आराखड्याखालील हक्क बुडतो आणि दहा वर्षे नव्याने मोजावी लागतात, अशी न्यायालयीन भूमिका आहे. जुन्या हद्दीचा पुढील सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे त्यातील आरक्षणांची दहा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील.

संपादनाविना ताबा

वरील सर्व हक्क कायदेशीर संपादन झाले आहे असे गृहीत धरतात. ते झालेच नसेल तर? हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये कोणतीही प्रक्रिया न करता रस्त्यासाठी घेतली गेली. शासनाने पुढे दीर्घ वहिवाटीमुळे आपणच मालक झालो असा युक्तिवाद केला. कल्याणकारी राज्याला असा दावा शोभत नाही, असे जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि इतक्या विलंबानंतरही मोबदला देवविला.

पुणे शहराला यासाठी हिमाचलाचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. पाषाण येथील सुमारे २४ एकर खाजगी जमीन राज्य शासनाने १९६३ मध्ये ताब्यात घेतली आणि ती पुढे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडे गेली. मालक कुटुंबाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत मालकी सिद्ध केली. जमिनीच्या बदल्यात शासनाने दुसरी जमीन दिली, तर ती वनजमीन निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये हे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा वाजवी मोबदला न दिल्यास राज्याच्या लोककल्याणकारी योजनांचे वाटप थांबविण्याचा विचार करावा लागेल, अशा शब्दांत न्यायालयाने शासनाला सुनावले. १९६३ ते २०२४ या एकसष्ट वर्षांत त्या जमिनीसंबंधी निवाडा झालेला नव्हता. त्यामुळे ‘दिलेला’ मोबदला म्हणजे काय, हा प्रश्न त्या कुटुंबापुढे कधी उभाच राहिला नाही.